हवेतला पंखा आणि पाण्यातली होडी

नाशिक जिल्ह्यातल्या चांदोरी गावाच्या खालच्या अंगाला गोदावरी पसरट होते. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा त्या बाजूला असतो, पाण्याला वेग जवळजवळ नसतो आणि हिवाळा सरता सरता पाणवेलींनी पात्राचा मोठा भाग झाकलेला असतो. फेब्रुवारीतल्या एका सकाळी पाण्याची खोली मोजण्याच्या कामासाठी आम्ही चौघे तिथे फायबरच्या होडीतून निघालो होतो. काठापासून शंभरेक फूट गेलो असू, तेवढ्यात मागच्या मोटारीचा आवाज जड झाला, मग चिरका झाला आणि होडी जागीच थांबली. होडीवाल्याने मोटार उचलून तिरपी केली, तेव्हा पंखा दिसतच नव्हता. त्याच्या जागी पाणवेलींचे देठ आणि काळी केसाळ मुळे यांचा वेणीसारखा घट्ट पीळ बसला होता. तो कोयत्याने कापून काढण्यात वीस मिनिटे गेली. इंजिन थंड ठेवण्यासाठी नदीचे पाणी आत ओढणाऱ्या फटीही मुळांनी बुजल्या होत्या, त्या तारेने मोकळ्या कराव्या लागल्या. त्या दिवशी हे तीन वेळा घडले. तिसऱ्या वेळी कोयता पुसता पुसता होडीवाल्याने विचारले, “सर, हा पंखा पाण्यात घालण्यापेक्षा वर हवेत नाही का लावता येणार?”

लावता येतो, आणि अशा होडीला एअरबोट म्हणतात. मात्र पाण्यातला पंखा उचलून हवेत बसवला की काम झाले, असे होत नाही. वीतभर पंख्याच्या जागी पुरुषभर उंचीपेक्षाही मोठा पंखा लागतो, दहा अश्वशक्तीच्या जागी शंभर लागतात आणि होडी चालवण्याची रीतच बदलते. हे सगळे का बदलते, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण एअरबोटीचे सारे गुण आणि सारे दोष त्या एका पंख्यातून निघतात.

आधी एअरबोट दिसते कशी ते पाहू. तिचा तळ परातीसारखा सपाट असतो आणि पाण्याखाली तिचा एकही हलता भाग नसतो. पंखा नाही, सुकाणू नाही, तळाला कणाही नाही. मागच्या बाजूला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर इंजिन, त्याच्या मागे पंखा, पंख्याभोवती जाळीचा पिंजरा आणि पंख्याच्या वाऱ्याच्या झोतात उभी असलेली सुकाणूची दोन उंच पाती, अशी तिची मांडणी असते. चालकाची जागा उंचावर, इंजिनाच्या पुढे असते, म्हणजे गवत आणि लव्हाळ्यांच्या वरून त्याला पलीकडचे दिसते. अनेकांचा हिच्यात आणि हॉवरक्राफ्टमध्ये गोंधळ होतो. हॉवरक्राफ्ट खाली हवा भरून त्या हवेच्या उशीवर तरंगते, त्यासाठी तिच्या कडेला रबरी झालर असते. एअरबोट साध्या होडीसारखी पाण्यावरच टेकलेली असते. हवा तिला फक्त पुढे ढकलते.

आता पंख्याकडे येऊ. पंखा होडीला पुढे कसा ढकलतो, याचे उत्तर थोडक्यात असे की तो हवा मागे फेकतो आणि त्या फेकण्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः पुढे रेटला जातो. निफाड किंवा दिंडोरी भागातल्या वाचकांनी द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर चालताना पाहिलेलाच असेल. त्यातही मोठा पंखा असतो आणि त्याच्या झोताने वेलीची पाने उलटी होतात. मग त्या झोताने ट्रॅक्टर पुढे का ढकलला जात नाही? कारण ब्लोअरमध्ये हवा आत ओढल्यावर तिला वळवून डावीकडे, उजवीकडे आणि वर अशी चहूबाजूंना फेकलेली असते. डावीकडचा रेटा उजवीकडच्या रेट्याला तोडीस तोड ठरतो, वरच्या झोताचा दाब ट्रॅक्टरच्या वजनात जिरून जातो आणि ट्रॅक्टरला जाणवण्याजोगी ढकल बसत नाही. तीच सगळी हवा एकाच दिशेने, सरळ मागे फेकली असती, तर गोष्ट वेगळी झाली असती. एअरबोटीचा पंखा नेमके हेच करतो.

रेटा किती मिळेल, हे दोन गोष्टींवर ठरते. दर सेकंदाला किती किलो हवा मागे फेकली ही पहिली गोष्ट, आणि ती किती वेगाने फेकली ही दुसरी. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे रेटा. म्हणजे थोडी हवा जोरात फेका किंवा पुष्कळ हवा बेताने फेका, रेटा सारखाच मिळू शकतो. परंतु त्यासाठी इंजिनाला मोजावी लागणारी किंमत सारखी नसते, आणि माझ्या मते हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. हवेला वेग देण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर तेवढ्याच किलो हवेला चौपट शक्ती लागते.

प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. समजा, उभ्या होडीला साधारण ३०० किलो वजनाएवढा रेटा हवा आहे. पंख्याने दर सेकंदाला ६० किलो हवा, सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर वेगाने मागे फेकली, तर तो रेटा मिळतो. आदर्श परिस्थितीत यासाठी १०० अश्वशक्ती लागतात आणि पंख्याचा व्यास साधारण १.६ मीटर असावा लागतो. आता तोच रेटा ३० किलो हवा सेकंदाला १०० मीटर वेगाने फेकूनही मिळतो, आणि त्याला पंखा निम्म्याच, म्हणजे ०.८ मीटर व्यासाचा पुरतो. पण शक्ती मात्र २०० अश्वशक्ती लागते. पंखा अर्धा केला की इंजिन दुप्पट करावे लागते. खरा पंखा आदर्श पंख्यापेक्षा नेहमीच काही शक्ती वाया घालवतो, त्यामुळे प्रत्यक्षातले दोन्ही आकडे याहून चढे असतील, पण त्यांच्यातले नाते बदलत नाही.

साठ किलो हवा म्हणजे किती, याचा अंदाज सहसा येत नाही, कारण हवेला वजन असते हे आपण रोजच्या व्यवहारात विसरून जातो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा जवळजवळ पावणेदोन खोल्यांमध्ये मिळून साठ किलो हवा मावते. एवढी हवा हा पंखा प्रत्येक सेकंदाला पुढून ओढून मागे ढकलत असतो. चालत्या एअरबोटीच्या मागे उभे राहू नये असे जे सांगतात, त्याचे कारण यात आले.

हाच हिशेब पाण्यासाठी केला की दोन्हींमधला फरक लख्ख दिसतो. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन असते. अर्ध्या मीटरहून थोडा मोठा पंखा पाण्यात फिरवून दर सेकंदाला ६०० किलो पाणी सेकंदाला अवघ्या ५ मीटर वेगाने मागे सारले, तरी ३०० किलोचा रेटा मिळतो, आणि त्यासाठी हिशेबाने फक्त १० अश्वशक्ती पुरतात. सावकाश चालणाऱ्या होडीला हवेतला पंखा पाण्यातल्या पंख्याच्या दहापट शक्ती मागतो, ते यामुळे. म्हणून ज्या पाण्यात साधी मोटार चालू शकते, त्या पाण्यात एअरबोट वापरणे ही इंधनाची उधळपट्टी आहे. गंगापूर धरणाच्या खोल, मोकळ्या जलाशयात तिचे काहीच काम नाही. तिचे काम सुरू होते ते जिथे पाण्यातला पंखा फिरूच शकत नाही तिथे: पाणवेलींत, गुडघाभर पाण्यात, चिखलात आणि बुडालेल्या शेतांवर.

हवेत फिरणारे पंख्याचे पाते हा खरे तर गोल फिरणारा विमानाचा पंख आहे. ही गोष्ट आज सहज बोलून जातो, पण ती नीट ओळखण्याचे श्रेय राइट बंधूंचे आहे. जहाजाच्या पंख्याचे तयार गणित मिळेल आणि ते विमानाला लावता येईल, अशी त्यांची सुरुवातीची अपेक्षा होती. ते मिळाले नाही, तेव्हा त्यांनी पाते म्हणजे गोल मार्गाने जाणारा पंख असे मानून स्वतःचे गणित मांडले. त्यांच्या १९०३ च्या विमानाला साडेआठ फूट व्यासाचे दोन लाकडी पंखे होते, सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन होते आणि सायकलसारख्या साखळीने वेग कमी करून ते पंखे मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे एवढ्या संथपणे फिरवलेले होते. मोठा पंखा, संथ फेरे आणि थोडी शक्ती: वर आपण केलेला हिशेब त्यांनी लाकडात कोरून ठेवला होता, असे म्हणता येईल.

पाते मुळापासून टोकापर्यंत पिळलेले का असते, हेही यातूनच कळते. समजा, १.८ मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २७०० फेरे फिरतो आहे. मध्यापासून ३० सेंटीमीटरवरचा पात्याचा भाग तेव्हा सेकंदाला ८५ मीटर वेगाने जात असतो, तर टोक २५० मीटरहून अधिक वेगाने. मागे जाणारी हवा मात्र दोन्ही ठिकाणी साधारण सारख्याच वेगाने, समजा सेकंदाला २५ मीटरने, पात्यातून जाते. त्यामुळे मुळाजवळच्या भागाला हवा सुमारे १६ अंशांच्या उतरणीवरून येताना भेटते आणि टोकाला ६ अंशांहून कमी. प्रत्येक ठिकाणी पाते त्या उतरणीपेक्षा काही अंशच अधिक तिरपे ठेवायचे असते. म्हणून ते मुळाशी उभे आणि टोकाशी आडवे होत जाते. घरातल्या छताच्या पंख्याची पाती सहसा सपाट पत्र्याची असतात. तिथे वेग कमी असतो आणि वाया जाणारी थोडी वीज कोणी मोजत नाही. इथे सरळ पाते लावले, तर त्याचा एखादाच पट्टा नीट काम करील आणि उरलेले पाते हवा नुसती घुसळत राहील.

पात्याच्या या तिरपेपणाला पिच म्हणतात. स्क्रूच्या आट्यांवरून ते समजायला सोपे जाते: बारीक आट्यांचा स्क्रू एका फेऱ्यात थोडाच आत जातो, पण फिरवायला हलका असतो; मोठ्या आट्यांचा एका फेऱ्यात अधिक जातो, पण जड फिरतो. विमानाचा पंखा वेगाने पुढे जात असताना सगळ्यात चांगले काम करावा, म्हणून त्याचे पिच मोठे ठेवतात. एअरबोटीला मात्र सगळ्यात जास्त रेटा हवा असतो तो जागेवरून निघताना, चिखलातून सुटताना आणि गवतावर चढताना. मोठ्या पिचचा पंखा उभ्या होडीवर लावला, तर येणारी हवा पात्याच्या पाठीला चिकटून राहत नाही, तिचा प्रवाह तुटतो आणि इंजिन पूर्ण जोर लावत असतानाही रेटा कमी मिळतो. म्हणून एअरबोटीची पाती कमी पिचची आणि टोकापर्यंत रुंद असतात, ट्रकच्या पहिल्या गिअरसारखी. आधुनिक पंख्यांमध्ये पाती सुटी असतात आणि मधल्या चकतीत त्यांचा कोन ढिला करून बदलता येतो. एका अंशाच्या फरकाने इंजिनाचे फेरे मिनिटाला शेदोनशेने इकडेतिकडे होतात, त्यामुळे कोनमापक लावून प्रत्येक पाते अगदी सारख्या कोनावर बसवावे लागते. एक पाते जरी वेगळे बसले, तरी ते आपल्या वाट्याहून कमी किंवा जास्त रेटा देते आणि सगळा सांगाडा थरथरतो.

मोठा पंखा इतका गुणाचा, तर तो आणखी मोठा का करू नये? याला दोन मर्यादा आहेत. एक साधी आहे: पंखा जेवढा मोठा, तेवढे इंजिन उंच बसवावे लागते आणि होडी कलंडण्याचा धोका वाढतो. दुसरी मर्यादा आवाजाच्या वेगाची आहे. उन्हाळ्याच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. पात्याचे टोक त्या वेगाच्या जवळ आले, की टोकापाशी हवेचा दाब धक्क्याधक्क्याने बदलू लागतो, शक्ती वाया जाते आणि कानठळ्या बसवणारा आवाज होतो. वरच्या उदाहरणातले टोक आवाजाच्या वेगाच्या सुमारे ७३ टक्क्यांवर आहे, म्हणजे चालण्यासारखे आहे. विमानाची जुनी इंजिने मुळातच या बेताने फिरणारी असल्याने त्यांच्यावर पंखा थेट बसतो. मोटारगाडीचे इंजिन मात्र मिनिटाला ५००० फेऱ्यांवर खरी ताकद देते. तोच पंखा त्याला थेट जोडला, तर टोक सेकंदाला ४७० मीटरवर, म्हणजे आवाजाच्याही पुढे जाईल. म्हणून मधे गिअरबॉक्स किंवा पट्टा घालून फेरे साधारण निम्मे करतात. इंजिन आणखी ताकदीचे असेल, तर व्यास न वाढवता पात्यांची संख्या वाढवतात. दोनाच्या जागी तीन, चार, काही होड्यांवर सहादेखील पाती असतात. कार्यक्षमता त्यात किंचित घटते, पण वाढलेली शक्ती हवेत उतरवायला पात्यांची पुरेशी रुंदी मिळते.

नाशिकच्या संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मेच्या ३८ अंशांच्या दुपारी इथली हवा समुद्रकाठच्या थंड हवेपेक्षा साधारण १४ टक्क्यांनी विरळ असते. पंख्याला फेकायला तेवढी कमी हवा मिळते आणि इंजिनालाही श्वास घ्यायला तेवढी कमी मिळते. विक्रेत्याच्या कागदावरचा रेटा गोदावरीच्या काठी तसाच मिळणार नाही, हे खरेदी करणाऱ्याने आधीच धरून चालावे.

पंख्याच्या कामातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे त्याचा तोल. काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी पातळ फळ्या एकमेकींवर चिकटवून साडेतीन फुटांचा एक पंखा कोरला होता. कानशीने, मग काचकागदाने घासून दोन्ही पाती डोळ्यांना अगदी सारखी दिसू लागली. मग मधल्या भोकात पोलादी दांडा घालून तो दोन समतळ पट्ट्यांवर आडवा ठेवला, तर एक पाते सावकाश, पण न थांबता खाली गेले. पुन्हा आडवे करावे आणि पुन्हा तेच पाते खाली जावे, असे चालले होते. हलक्या पात्याच्या टोकाला वॉर्निशचा एक हात दिला, वाळू दिला, पुन्हा ठेवून पाहिले. चौथ्या हातानंतर पंखा जिथे ठेवावा तिथे थांबू लागला. चार हात वॉर्निशने फरक पडतो याचे मुलांना नवल वाटले, तेव्हा फळ्यावर गणित मांडले: १.८ मीटरच्या पंख्याच्या टोकाला १० ग्रॅमचा फरक राहिला, तर २७०० फेऱ्यांवर तो मध्याला सुमारे ७३ किलो वजनाएवढ्या ओढीने हिसके देतो, आणि तेही सेकंदाला पंचेचाळीस वेळा दिशा फिरवत. दीड किलोच्या एका पात्याला त्याच फेऱ्यांवर बाहेरची ओढ जवळजवळ पाच टन बसते. पात्याच्या मुळाशी गेलेली बारीकशी चीर इतकी गंभीर का मानतात, हे यानंतर कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

पूर्वी हे पंखे लाकडाचेच असत आणि पाण्याच्या तुषारांनी कड झिजू नये म्हणून पात्याच्या पुढच्या कडेला धातूचा पत्रा मढवत. दोनशे-अडीचशे मीटर वेगाने जाणाऱ्या कडेवर पाण्याचा थेंब खड्यासारखा बसतो. आता कार्बन तंतूंची हलकी पाती सर्रास वापरतात, तरी पुढच्या कडेचे संरक्षण त्यांनाही लागते. पिंजरा माणसांचे हात आणि झाडाच्या फांद्या दूर ठेवतो, पण होडीतूनच उडालेली टोपी, पाण्याची बाटली किंवा एखादा सुटा पाना झोताबरोबर सरळ पंख्यात ओढला जाऊ शकतो. म्हणून निघण्यापूर्वी होडीतली प्रत्येक सुटी वस्तू बांधून किंवा पेटीत बंद करून ठेवणे हा या होडीवरचा पहिला नियम आहे.

या होडीचा इतिहासही पंख्यापासूनच सुरू होतो. १९०५ मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया भागात टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या गटाने विमानासाठीचे पंखे आणि इंजिने तपासण्यासाठी एक होडी बांधली, तिला पहिली एअरबोट मानतात. होडी हे त्यांचे ध्येय नव्हते. पंखा किती रेटा देतो हे पाहण्याचे ते साधन होते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या मोहिमेत टायग्रिस नदीच्या उथळ पाण्यात अशा होड्या वापरल्या गेल्या. पुढे अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स नावाच्या अफाट दलदलीत शिकारी आणि बेडूक पकडणारे लोक जुनी विमान-इंजिने सपाट होड्यांवर बसवू लागले आणि एअरबोटीला आजचे रूप तिथे आले. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले, तेव्हा याच होड्यांनी पाण्यात वेढलेल्या माणसांना मोठ्या संख्येने बाहेर काढले.

चालवण्याच्या बाबतीत एअरबोट सवयीच्या होडीवाल्यालाही बुचकळ्यात पाडते. तिला ब्रेक नसतो आणि सहसा उलटा गिअरही नसतो. पायाखाली ॲक्सिलरेटर आणि हाताशी सुकाणूचा दांडा, एवढेच तिचे नियंत्रण असते. सुकाणू पाण्यात नसून पंख्याच्या झोतात आहे, हे विसरले की अपघात जवळ येतो. समोर खांब दिसला म्हणून घाबरून पाय काढला, तर झोत थांबतो, झोताबरोबर सुकाणूही निकामी होते आणि होडी होती त्याच दिशेने, शेवाळलेल्या घाटाच्या पायरीवर पाय घसरावा तशी, घसरत जाते. वळायचे तर जोर द्यावाच लागतो. पाण्याखाली कणा नसल्याने वळतानाही ती रेषेवर वळत नाही, बाजूला घसरत घसरत वळते, त्यामुळे रस्त्यावरच्या वळणापेक्षा कितीतरी अधिक रुंद जागा तिला लागते. वेगात असताना एकदम पाय काढण्याचा आणखी एक धोका असतो: पाण्याच्या पृष्ठावर निसटत चाललेली होडी खाली बसते आणि तिचीच मागून येणारी लाट मागच्या ठेंगण्या कडेवरून आत शिरते.

इंजिनाचा पीळही होडीला सहन करावा लागतो. पंखा एका बाजूला फिरतो, तेव्हा इंजिन आणि होडी दुसऱ्या बाजूला वळू पाहतात. १०० अश्वशक्ती आणि २७०० फेऱ्यांवर हा पीळ मध्यापासून एक मीटरवर २७ किलोचे पोते टांगल्याएवढा असतो. गिअरबॉक्स लावलेल्या मोठ्या इंजिनात तो अनेक पटींनी वाढतो. यावर उपाय म्हणून इंधनाची टाकी किंवा आसन मुद्दाम एका बाजूला सरकवतात. महागड्या होड्यांवर एकामागे एक असे दोन पंखे उलट दिशांनी फिरवतात, म्हणजे एकाचा पीळ दुसरा फेडतो. शिवाय रेटा पाण्याच्या वर, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर लागत असल्याने होडीचे नाक खाली दाबले जाते, म्हणून जड सामान पुढे भरायचे नसते.

आता होडीवाल्याच्या प्रश्नाकडे परत जाऊ: आपल्याकडे ही होडी कुठे चालेल? माझे मत मी स्पष्ट मांडतो. नाशिकच्या गोदाघाटावर महापुराच्या वेळी ती चालणार नाही. २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये घाटावरच्या, पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी चढत गेलेले आपण पाहिले आहे. त्या वेळी घाटावरचा प्रवाह अरुंद, वेगवान आणि देवळे, पूल, खांब यांनी भरलेला असतो. जिला ब्रेक नाही आणि वळायला रुंद जागा लागते, अशी होडी तिथे उतरवणे म्हणजे वाचवणाऱ्यांचाच जीव पणाला लावणे होय. याउलट तोच पूर खाली चांदोरी आणि सायखेड्याकडे पोहोचतो, तेव्हा तो शेतांवर पसरतो, त्याचा वेग कमी होतो, आणि कुठे पुरुषभर तर कुठे वीतभर पाणी राहते. आपत्ती निवारणाच्या तुकड्या वापरतात त्या रबरी होड्यांच्या मोटारीचा पंखा तिथे बांधावर, उसाच्या खोडक्यांवर किंवा वाहून आलेल्या पाचटात अडकतो. एअरबोट ओल्या बांधावरून घसरत पलीकडे जाऊ शकते. तळाला गुळगुळीत, चिवट प्लास्टिकचा थर बसवला असेल तर आणखी सहज. तिथेही द्राक्षबागा मात्र टाळायलाच हव्यात. पाण्यात अर्धवट बुडालेले लोखंडी अँगल पातळ तळ फाडतात आणि पाण्याच्या वर राहिलेल्या तारा चालकाच्या गळ्याच्या उंचीवर येतात. त्या गावांच्या शिवारातली मोकळी शेते आणि रस्ते कोणते, बागा कोणत्या, हे पावसाळ्यापूर्वीच नकाशावर रंगवून ठेवले, तरच ही होडी पुराच्या दिवशी उपयोगी पडेल.

नांदूर मध्यमेश्वरच्या अभयारण्यात पर्यटकांसाठी ती आणावी, अशी सूचना मी एकदोघांकडून ऐकली आहे, आणि तिला माझा ठाम विरोध आहे. हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. २०२० मध्ये त्याचा तो दर्जा जाहीर झाला. उथळ पाणी, गाळ आणि लव्हाळी यांच्यामुळे तिथे हिवाळ्यात दुरून पक्षी येतात, आणि उथळ पाणी, गाळ, लव्हाळी ही एअरबोटीच्याही आवडीची जागा आहे. पण पात्याच्या टोकांचा आवाज कानाला टोप्या लावल्याशिवाय चालकालाही सोसवत नाही. तो आवाज एकदा त्या पाण्यावरून गेला, की विसाव्याला उतरलेले बदकांचे आणि क्रौंचांचे थवे उठतील आणि पुढच्या प्रवासासाठी साठवलेली ताकद उडण्यात घालवतील. खाणगाव थडीच्या मनोऱ्यावरून दुर्बिणीने जे दिसते, ते पुरेसे आहे.

पाणवेली काढण्याच्या कामात, पक्षी नसलेल्या पट्ट्यात आणि ठरलेल्या वेळेत तिचा उपयोग आहे, पण मर्यादित. एअरबोट पाणवेली कापत नाही किंवा उचलत नाही. ती त्यांच्यावरून जाते. माणसे, दोरखंड आणि जाळी अडकलेल्या जागेपर्यंत पोहोचवणे, तरंगता गठ्ठा दोरीने बांधून येणे, पाण्याचे नमुने आणणे, एवढे ती करू शकते. उचलण्याचे काम यंत्राने आणि माणसांनीच करावे लागते. ओढकामाला ती फारशी योग्य नाही, कारण मागे दोर बांधायचा तर तो पंख्याच्या झोताजवळून जातो आणि सैल पडताच पात्यात ओढला जाण्याची भीती असते.

फ्लोरिडात एअरबोटीवर तळापासून किमान १० फूट उंचीवर फडकणारा नारिंगी झेंडा कायद्याने सक्तीचा आहे, कारण उंच गवतात समोरून येणारी दुसरी होडी दिसत नाही आणि स्वतःच्या इंजिनाच्या आवाजात तिचा आवाज ऐकूही येत नाही. आपल्याकडे ही होडी आली, तर तो झेंडा, कानाच्या टोप्या आणि जीवरक्षक जाकिटे पहिल्या दिवसापासून तिच्याबरोबर यावीत. त्यांच्याबरोबर रोजचा एक परिपाठही यावा. इंजिनाची किल्ली खिशात घालून पिंजरा उघडायचा, प्रत्येक पात्याची पुढची कड मुळापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपायची, खाच लागली तर त्या दिवशी होडी काढायची नाही. मग पात्यावर जागोजागी नाण्याने हलके ठोकायचे आणि आवाज ऐकायचा. धड पाते सगळीकडे सारखे टणक वाजते, आणि आतून थर सुटले असतील तिथे तो आवाज बसका येतो.